पुंगळीवाला परशराम

बेळगावच्या वडगावात येऊन कुणी परशराम भंडारे कुठं राहतात असं विचारलं, तर माणसं जरा विचारात पडतात. पुंगळीवाला परशा म्हटलं, की लगेच यल्लूर रोडकडं बोट जातं. मोटरसायकलच्या सायलेन्सरच्या पोटात आवाज गिळणारी एक नळी असते, तिला आमच्याकडं पुंगळी म्हणतात. कंपनी मोठ्या कष्टानं ती आत बसवते आणि परशराम मोठ्या कौशल्यानं ती बाहेर काढायचा. एवढाच त्याचा धंदा. पुंगळी निघाली, की कालपर्यंत सभ्य माणसासारखी बोलणारी गाडी गल्लीतनं भांडत जायला लागते. तिच्यावरच्या पोराला घरात कुणी भाजीसुद्धा दुसऱ्यांदा वाढत नसतं, पण चौकात त्याच्याकडं सगळे वळून बघतात. ते कशासाठी वळून बघतात याचा विचार त्यानं करायचा नसतो.

परशराम विणकराचा मुलगा. वडील मारुतीराव यांचे घरातच यंत्रमाग होते. खालच्या सोप्यात माग आणि मागच्या दोन खोल्यांत माणसं. दिवसभर खटाक-खट चालायचं. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, म्हणून या घरात हातवाऱ्यांची भाषा झाली. अंगठा ओठाकडं नेला की पाणी, बोटावर बोट मोडलं की धागा तुटला, कपाळावर आडवं बोट फिरवलं की आई रागात आहे. उचगावची राजेश्वरी सून होऊन आली, तेव्हा ती महिनाभर समजत होती, की ही माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, नुसत्या धमक्या देतात. उचगावात तिच्या माहेरच्या शेतात बांधावरनं हाक मारली तर तिसऱ्या शेतातनं ओ यायची. इथं शेजारी बसलेल्या नवऱ्याला मीठ हवं आहे हे कळायला त्याच्या बोटांकडं बघावं लागायचं.

असं जन्मभर मागावर बसून मारुतीरावांचा कान गेला. विणकराचा कान जाणं म्हणजे शेतकऱ्याच्या टाचेला भेग पडण्यासारखं. त्याला कुणी दुखणं म्हणत नाही. पुढं सुरतेच्या साड्या आल्या, त्या इथल्या सुताच्या भावात तयार मिळू लागल्या, आणि एक-एक करून माग मोडीत गेले. शेवटचा माग टेम्पोत चढवला त्या दिवशी घरात एवढी शांतता झाली, की राजेश्वरीला झोप लागेना. मारुतीरावांना काही फरक पडला नाही. त्यांना ती शांतता आधीपासूनच होती.

परशराम कोल्हापुरात एका गॅरेजात काम शिकला आणि परत येऊन यल्लूर रोडला त्यानं स्वतःची पत्र्याची शेड टाकली. सुरुवातीला तो सगळ्या प्रकारची दुरुस्ती करायचा. पुंगळीचा धंदा त्याच्या हुशारीनं नव्हे, आळसानं सुरू झाला. एका कॉलेजच्या पोराच्या बुलेटचा सायलेन्सर आतनं गंजला होता. परशरामनं कुजलेली पुंगळी ओढून काढली, नवी आणायला जायचा कंटाळा केला, आणि उद्या ये म्हणून पोराला तसाच पाठवला. पोरगा दुसऱ्या दिवशी आला तो मित्रांची रांग घेऊनच. परशरामला वाटलं, भांडायला आलेत. त्यानं हातात पाना घेतला. पोरं म्हणाली, काका, आमची पण अशीच बिघडवून द्या.

तिथनं त्याला आपला मार्ग सापडला. हळूहळू तो सायलेन्सर कापून, वाकवून, वेल्डिंग करून हवे तसे आवाज काढून देऊ लागला. बोलायला विणकराचीच भाषा होती. गिऱ्हाईक आलं की विचारायचा, काठ भरजरी पाहिजे का साधा? बुट्टी पाहिजे का नको? भरजरी काठ म्हणजे खालनं येणारा घुमता आवाज. बुट्टी म्हणजे मधनंच उडणारा बार, ज्यानं म्हाताऱ्या माणसांच्या हातातला चहा सांडतो. बुट्टीला मागणी फार.

त्याच्या शेडपुढं सगळा सीमाभाग उभा असायचा. भगवा झेंडा लावलेली गाडी आणि लाल-पिवळा झेंडा लावलेली गाडी एकाच रांगेत, एकाच कळकट बाकड्यावर दोघांचे मालक. जी पोरं कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी एकमेकांच्या गल्लीत जायची नाहीत, ती इथं एकमेकांच्या सायलेन्सरचं कौतुक करायची. आवाज मराठीत आहे का कन्नडात, असा प्रश्न कधी कुणी काढला नाही. तो सगळ्यांच्या डोक्यावरनं सारखाच जायचा.

मग नव्या नियमांच्या गाड्या आल्या. त्यांच्या सायलेन्सरात धूर गाळायला मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी आणि धुराचा वास घेणारा सेन्सर. जाळी काढली, की मीटरवर पिवळा दिवा लागायचा. कंपनीच्या इंजिनियरांनी हा दिवा लावायला किती वर्षं डोकं खपवलं असेल कोण जाणे. परशरामनं दोन-तीन दिवस त्याचा अभ्यास केला आणि त्यावर काळी चिकटपट्टी लावली. दिवा दिसायचा बंद झाला, म्हणजे बिघाड गेला. सरकारी कामाची पद्धत त्याला कुणी न शिकवता येत होती.

राहता राहिला पीयूसीचा कागद, म्हणजे गाडीचा धूर नियमात आहे याचा दाखला. त्याची सोय शेजारीच झाली. निपाणीजवळच्या बोरगावचा नेमगोंडा पाटील मुलीच्या शिक्षणासाठी बेळगावात राहायला आला होता. त्यानं परशरामच्या शेडला लागून धूर तपासायचं केबिन टाकलं. माणूस सरळ, बोलायला गोड, सूर्य मावळायच्या आत जेवणारा, मुंगी दिसली तर पाय उचलून ठेवणारा. पण जाळी काढलेली गाडी तपासली तर ती नापास होणार, आणि सगळ्याच नापास झाल्या तर केबिन बंद पडणार, हेही त्याला कळत होतं. त्यानं कुणाचंच मन दुखणार नाही असा मार्ग काढला. फोटो गिऱ्हाइकाच्या नंबरप्लेटचा काढायचा आणि यंत्राची नळी स्वतःच्या स्कूटरला लावायची. त्या स्कूटरच्या एकटीच्या निर्मळ धुरावर निम्मं बेळगाव पास होत होतं. तिच्या स्वतःच्या पीयूसीची मुदत मात्र कधीच संपली होती, कारण तिला तपासायला सवड मिळत नव्हती.

कुणी आवाजाबद्दल विचारलं, तर नेमगोंडा म्हणायचा, "आपलं यंत्र म्हंजे नाक हाय, कान न्हाय."

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका संस्थेनं वडगावात मोफत कानतपासणीचं शिबिर घेतलं. राजेश्वरी सासऱ्यांना घेऊन गेली. मारुतीराव जायला तयार नव्हते. आता या वयात काय नवीन ऐकायचं राहिलंय, असं त्यांचं म्हणणं. तरी गेले आणि दोन्ही कानांत बोराएवढी यंत्रं घालून आले.

तो दिवस राजेश्वरी अजून सांगते. म्हातारबा घरात आले आणि मोरीतल्या नळाजवळ उभे राहिले. नळ ठिबकत होता. कितीतरी वेळ ते तिथंच. मग चुलीवर पापड भाजताना त्याचा चुरचुर आवाज ऐकायला येऊन बसले. तिच्या बांगड्या वाजल्या तर मान वर करून बघायचे. तिनं पाठ फिरवून काहीतरी पुटपुटलं, तर म्हणाले, पोरी, मला ऐकू आलं. त्या दिवसापासून तिनं पुटपुटणं सोडलं. दुपारी ते बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले, आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाला भरजरी काठ आणि बुट्टी अशी दोन्ही केलेली एक बुलेट शिरली. मारुतीराव दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसले.

"काय कोसळलं गं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय आप्पा," राजेश्वरी म्हणाली, "तुमच्या लेकाचा धंदा हाय."

इतकी वर्षं मारुतीराव लोकांना अभिमानानं सांगत होते, की माझा परशा गाड्या दुरुस्त करतो. दुरुस्त झालेली गाडी अशी असते हे त्यांना पहिल्यांदा कळलं. पुढचे काही दिवस त्यांनी नुसतं ऐकलं. गाड्या शाळेवरनं जायच्या, दवाखान्यापुढनं जायच्या. शेजारच्या जयाबाईंची लेक बाळंत होऊन आली होती. तिचं बाळ झोपलं रे झोपलं, की एखादी बुट्टी उडायची आणि ते किंचाळत उठायचं. मारुतीरावांना आता ते किंचाळणंही ऐकू यायचं.

रविवारी बापलेक जेवायला बसले असताना म्हाताऱ्यानं विषय काढला. हे काम सोड म्हणाला. परशरामनं समजावून सांगितलं, की गिऱ्हाईक मागतं ते द्यावं लागतं, मी दिलं नाही तर दुसरा देईल, आणि आवाजाचं म्हणाल तर आपल्या घरात काय कमी आवाज होता? तुम्ही जन्मभर माग चालवलात तेव्हा शेजाऱ्यांनी ऐकूनच घेतलं की.

मारुतीरावांनी भाकरी खाली ठेवली. "माग वाजायचा तवा खाली कापड पडायचं रं," ते म्हणाले. "तुझं वाजतंय तवा काय पडतंय?"

 परशरामनं अंगठा ओठाकडं नेऊन पाणी मागितलं आणि विषय तिथंच थांबला. त्याच्याकडनं थांबला.

दुसऱ्या दिवशी मारुतीराव धोतर-टोपी घालून पोलीस ठाण्यात गेले. साहेब नवीनच बदलून आले होते, विजयपूरकडचे. वरनं आदेश आला होता, की आवाज करणाऱ्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढा. पण मोहिमेला तक्रार पाहिजे, आणि तक्रार द्यायला कुणी पुढं येत नव्हतं. कारण ज्याच्या कानाला त्रास होत होता त्याच्या घरातल्याच कुणाची तरी गाडी वाजत होती. मारुतीरावांनी आपल्या वडगावी कन्नडात सगळं सांगितलं. लिहून घेणाऱ्या पोलिसानं नाव विचारलं, पत्ता विचारला, तक्रार कुणाविरुद्ध ते विचारलं. मारुतीराव म्हणाले, परशराम मारुती भंडारे. पोलिसानं पेन थांबवलं आणि वर बघितलं.

"अज्जा, जागेचा वाद हाय काय?"

"न्हाय. आवाजाचा."

बाप लेकावर तक्रार करायला येतो तो जागेसाठीच, हा त्या पोलिसाचा सगळ्या नोकरीतला अनुभव. त्यानं अज्जांना परत परत विचारलं. शेवटी साहेबच केबिनमधनं बाहेर आले, म्हाताऱ्याला खुर्ची दिली आणि चहा मागवला. एवढा मान मारुतीरावांना त्यांच्या लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

मोहीम सुरू झाली. चौकाचौकात पोलीस उभे राहिले आणि गाड्या धरून ठाण्याच्या आवारात आणून लावल्या. तिथनं पुढं काय करायचं हे आदेशात नव्हतं. सायलेन्सर काढायचे होते, पण काढायला कुणाला येत नव्हते. एका हवालदारानं तापलेल्या सायलेन्सरला हात घातला, तो थेट दवाखान्यात गेला. दुसऱ्यानं नट उलटा फिरवून बोल्टच मोडला. ठाण्यात काठ्या भरपूर होत्या, पण पाना एकही नव्हता. शेवटी साहेबांनी विचारलं, हे काम कुणाला येतं? सगळ्या धरलेल्या पोरांनी एकाच माणसाचं नाव सांगितलं.

पोलीस शेडवर आले तेव्हा परशरामला वाटलं, संपलं. राजेश्वरीला निरोप पाठवून तो जीपमध्ये बसला. ठाण्यात साहेबांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. तुझ्यावर तक्रार आहे ही पहिली, आणि ती कुणाची आहे ही दुसरी. मग तिसरी सांगितली, की सायलेन्सर काढून दिलेस तर पहिल्या दोन गोष्टींचं बघू.  तक्रार कुणी केली हे ऐकून परशरामला राग आला का लाज वाटली, हे त्यालाच ठरवता येईना. मग त्यानं पान्यांची पिशवी मागवली.

आवारात बसून त्यानं आपलेच सगळे सायलेन्सर काढले. प्रत्येक वेल्डिंग त्याच्या ओळखीचं होतं. हा संकेश्वरच्या पोराचा, ह्याला तीनदा जोड दिलाय. हा नगरसेवकाच्या भाच्याचा, ह्याचा काठ फार सुंदर जमलाय. पोरं कुंपणाबाहेर उभी राहून बघत होती. एकानं विचारलं, काका, तुम्हीच बसवलं आणि तुम्हीच काढताय? परशराम म्हणाला, बाबा, डॉक्टरच टाका घालतो आणि डॉक्टरच टाका काढतो.

जप्त सायलेन्सर नष्ट करायचा जाहीर कार्यक्रम ठरला. मैदानात मांडव, साहेबांचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स, वर लिहिलेलं: ध्वनी आणि धूरमुक्त शहर. सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं झोपवले होते आणि त्यांच्यावरनं फिरवायला रोडरोलर आणला होता. रोडरोलर सुरू झाला तेव्हा त्यातनं असा काही काळाभोर धूर निघाला, की फ्लेक्सवरचे साहेब दिसेनासे झाले. त्याला पीयूसी विचारायची हिंमत कुणी केली नाही. नेमगोंडा व्यासपीठावरच होता, धूरतपासणी क्षेत्रातले मान्यवर म्हणून. तो रुमाल नाकाला लावून टाळ्या वाजवत होता. आवाज मोजायचं यंत्र आणलं होतं, पण ते लाउडस्पीकरजवळ ठेवल्यामुळं सगळी भाषणं नियमाबाहेर भरली. मग ते पिशवीत घालून ठेवलं.

सत्कार दोन झाले. जागरूक नागरिक म्हणून मारुतीरावांचा, आणि मोहिमेत मोलाचं तांत्रिक सहकार्य केल्याबद्दल परशरामचा. दोघांना एकाच रंगाच्या शाली दिल्या. बापलेक शेजारी बसले, पण बोलले नाहीत. मारुतीरावांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ते माईकपुढं गेले, तशी माईकनं शीळ घातली आणि त्यांच्या कानातल्या यंत्रानं ती दुप्पट केली. ते कळवळले. मग एवढंच म्हणाले, की सगळं चांगलं झालं, आता हा भोंगाही बंद करा. लोकांना तो विनोद वाटला. खूप हशा झाला, आणि भोंगा तसाच चालू राहिला.

कार्यक्रमानंतर वडगावातला धंदा बसला. बेळगावची पोरं आता कोल्हापूरला जाऊन पुंगळी काढून येऊ लागली. कोल्हापुरात मोहीम सुरू झाली की तिथली पोरं इकडं कुठं सोय आहे का बघायची. हे नेमगोंडाच्या लक्षात आलं. हायवेला, निपाणीच्या पुढं, कोगनोळीच्या अलीकडं त्याच्या चुलत्याचं रान होतं. तिथं शेड टाक म्हणाला. सीमा हाकेच्या अंतरावर. बसवायचं कर्नाटकात, वाजवायचं महाराष्ट्रात. इकडचा पोलीस म्हणणार, गाडी आमच्या हद्दीत वाजली नाही. तिकडचा म्हणणार, गाडी आमच्या हद्दीत बिघडली नाही. सीमाप्रश्नाचा असा उपयोग आजवर कुणाला सुचला नव्हता.

परशराम गेला. सकाळच्या बसनं निपाणीला आणि तिथनं पुढं, संध्याकाळी परत. घरात वडील बोलत नव्हते, त्यामुळं लांब गेलेलंच बरं वाटत होतं. धंदा असा चालला, की पलीकडच्या पोलिसांच्याही कानावर नाव गेलं. त्यांची मोहीम निघाली तेव्हा त्यांनाही सायलेन्सर काढायला माणूस सापडेना. त्यांनी इकडच्या साहेबांना फोन केला आणि साहेबांनी परशरामचं नाव सुचवलं. एखाद्या गोष्टीवर दोन्ही बाजूंचं विनातक्रार एकमत व्हायची आमच्या भागातली ती पहिलीच वेळ. आठवडाभर शेडवर बसवायचं आणि बोलावतील तेव्हा दोन्ही राज्यांत जाऊन काढून द्यायचं, असा त्याचा नेम झाला. घरात शालींचा ढीग झाला.

निपाणीचा सौरव नावाचा एक मुलगा त्याच्याकडं नेहमी यायचा. इंजिनियरिंगला होता, बोलायला शांत. गाडी मात्र नको तेवढी बोलणारी. एकदा आला आणि म्हणाला, काका, आवाज मस्त हाय, पण आतनं काहीतरी टकटक येतंय. परशरामनं गाडी सुरू केली, कान खाली नेला, ॲक्सिलरेटरला पीळ देऊन बघितला. त्याला काही टकटक ऐकू आली नाही. एके काळी नुसत्या आवाजावरनं तो कुठला वॉल्व्ह सैल आहे ते सांगायचा. त्यानं सौरवच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, काय न्हाय रं, वहम हाय तुझा.

तवंदीच्या घाटात सौरवचं इंजिन जाम झालं. मागचं चाक एकदम थांबलं आणि पोरगं रस्त्याच्या कडेला फेकलं गेलं. मागनं ट्रक नव्हता म्हणून वाचलं. गळपट्टीचं हाड मोडलं, हात सोलून निघाला.

परशराम दवाखान्यात गेला. सौरव खांद्याला पट्टा बांधून पडला होता. आई शेजारी बसलेली. परशरामला वाटलं, ती ओरडेल. तिनं त्याला बसायला स्टूल दिलं. सौरव काहीतरी बोलला ते परशरामला नीट ऐकू आलं नाही. तो खाली वाकला.

"मी सांगितलं होतं काका," सौरव म्हणाला. "आतनं टकटक येतीय म्हणून."

येताना बसमध्ये परशराम खिडकीशी बसला होता. शेजारचा माणूस त्याला काहीतरी विचारत होता. परशराम नुसती मान हलवत होता. त्याला आठवत गेलं, की अलीकडं गिऱ्हाईक बोलतं तेव्हा आपण त्याच्या ओठाकडं बघतो. की राजेश्वरी दोनदा हाक मारते आणि तिसऱ्यांदा चिडते. की पावसाचा आवाज बरेच दिवस ऐकलेला नाही, पाऊस मात्र पडून गेलाय. हे सगळं त्याला आधीच माहीत होतं. माहीत असून त्यावरही त्यानं काळी चिकटपट्टी लावली होती.

घरी त्यानं कानाबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. पण जेवताना राजेश्वरीनं काही विचारलं आणि त्यानं न ऐकताच हातानं नको म्हणून खूण केली. तिनं विचारलं होतं, सौरव कसा आहे. ती बघत राहिली. मारुतीरावांनीही बघितलं. त्यांनी स्वतः कान जाताना असंच केलं होतं, त्यामुळं त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एवढ्या महिन्यांनी म्हातारा त्याच्याशी पहिल्यांदा बोलला. जवळ सरकून, तोंड त्याच्या तोंडासमोर आणून, सावकाश म्हणाला, "उद्या माझ्यासंगं चल."

कान तपासणाऱ्या बाईंनी परशरामला काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेर मारुतीराव आणि राजेश्वरी काचेतनं बघत होते. बटण दाबायचं सोडून परशराम बराच वेळ नुसता बसून होता. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, बारीक आवाज सगळे गेलेत, जाडे शिल्लक आहेत. काम काय करतात? राजेश्वरी म्हणाली, जाडे आवाज काढतात.

कानात यंत्र लावून तो शेवटचा कोगनोळीला गेला. एक गाडी आधीच येऊन थांबली होती. पोरानं किक मारली. परशरामला त्या फटफटीच्या आत, अगदी तळाला, चेनचा बारीक कुरकुर आवाज ऐकू आला. मग पोरानं पीळ दिला आणि सगळं एकदम बुडालं. परशरामनं त्याला गाडी बंद करायला सांगितली, चेन बदलावी लागेल म्हणाला. पोरगा म्हणाला, चेनचं नंतर बघू, आधी पुंगळी काढा. परशरामनं ऐकू न आल्यासारखं केलं, चेन तेवढी बसवून दिली आणि शेड आवरली.

आता तो यल्लूर रोडलाच आहे. इंजिनची कामं करतो, मूळचे सायलेन्सर परत बसवून देतो. गिऱ्हाईक पूर्वीच्या निम्मंही नाही. बरा झाल्यावर सौरव आपली गाडी घेऊन आला होता. तिचं इंजिन परशरामनं स्वतः सगळं खोलून बांधून दिलं. आसपासच्या मंगल कार्यालयांचे जनरेटर कमी आवाजात चालावेत म्हणून मोठे सायलेन्सर करायचं काम त्याला मिळू लागलं आहे. कार्यालयवाले म्हणतात, जनरेटरच्या आवाजामुळं डीजे नीट ऐकू येत नाही.

ज्या साहेबांनी सत्कार केला ते बदलून गेले. नव्या साहेबांची मोहीम हेल्मेटवर आहे, त्यामुळं तूर्त पुंगळ्यांना कुणी हात लावत नाही. पीयूसीला आता गाडीचा व्हिडिओ काढून पाठवायचा नियम आला. त्यामुळं नेमगोंडाच्या स्कूटरला सेवानिवृत्ती मिळाली आणि नेमगोंडा केबिनच्या बाहेर हेल्मेट टांगून विकतो. बापलेक कट्ट्यावर बसतात. फार बोलत नाहीत, पण आता त्याचं कारण राग नाही.

परवा एक कॉलेजचा पोरगा नवी कोरी विजेवरची स्कूटर घेऊन परशरामकडं आला. धूर नाही, आवाज नाही, सायलेन्सरच नाही. पोरगा खूप दुःखी होता. म्हणाला, काका, हिला आवाज बसवून मिळंल काय? एखादा स्पीकर वगैरे? परशराम म्हणाला, ते माझं काम नव्हं. मग स्पीकर चालतो का नियमात, असं पोरानं विचारलं. परशरामनं नेमगोंडाकडं बघितलं. नेमगोंडा म्हणाला, त्याबद्दल अजून कुठं वाचनात आलेलं नाही.

परशरामनं ब्रेक तेवढे घट्ट करून दिले. पोरगा स्कूटरवर बसला आणि निघाला. रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला गाडी जवळनं गेल्याचं कळलंसुद्धा नाही. पण पोरगा काही गप्प जाणाऱ्यांतला नव्हता. चौकातल्या माणसांनी बघावं म्हणून तो तोंडानंच डुग-डुग-डुग-डुग करत वळला.